अमेरिकेतली ऑनलाइन सरकारी शाळा: घरच्यांच्या वाट्याला काय काय येतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहतं. वडील एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, आई एच-फोर या कुटुंबीयांच्या व्हिसावर घरी. मुलगा ऑगस्टअखेर सातवीत जाणार, मुलगी दुसरीत. मुलाला गेलं वर्षभर शाळेत आणि बसमध्ये चिडवाचिडवी सोसावी लागली, म्हणून कुणीतरी ऑनलाइन सरकारी शाळा सुचवली. आईने विचारलंय: ही शाळा खरंच फुकट असते का? पुढे तिचे गुण धरतात का? दिवसभर मला काय करावं लागेल? मुलीलाही सोबतच घातलं तर चालेल का? आणि जानेवारी-फेब्रुवारीत सहा आठवडे साताऱ्याला जाऊन तिथून शाळा चालू ठेवता येईल का?

मी याच राज्यातल्या एका सायबर, म्हणजे ऑनलाइन सरकारी शाळेत बरीच वर्षं गणित शिकवते आहे. नव्याने आलेल्या कुटुंबांची पहिल्या सत्रात घडी बसवून देणं हेही माझ्याकडेच असतं. त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

साताऱ्याचं आधी घेते, कारण त्या एका उत्तरातून ही शाळा काय चीज आहे ते बरंचसं कळतं. उत्तर आहे: गृहीत धरू नका. ऑनलाइन असली तरी ही पेनसिल्व्हेनियाच्या रहिवाशांसाठीची सरकारी शाळा आहे. मूल या राज्यात राहतं म्हणून तिला पैसे मिळतात, आणि वर्षभर हजेरीचा हिशेब तिला राज्याला द्यावा लागतो. देशाबाहेरून लॉग-इन चालेल की नाही हे प्रत्येक शाळेच्या धोरणावर असतं. शाळेचा लॅपटॉप परदेशी न्यायलाही परवानगी लागते, आणि बऱ्याच ठिकाणी ती मिळत नाही. समजा मिळाली, तरी घड्याळ बघा. जानेवारीत इथले सकाळचे साडेआठ म्हणजे साताऱ्याला संध्याकाळचे सात, आणि इथले दुपारचे तीन म्हणजे तिथे रात्रीचा दीड. आजीकडे पाहुणे येऊन बसलेत, स्वयंपाकघरात गप्पा चालल्यात आणि दुसरीतली मुलगी रात्री अकराला हेडफोन लावून अपूर्णांक शिकते आहे, हे चार दिवसही टिकत नाही. न सांगता गेलात, तर कारण न कळवलेल्या गैरहजेऱ्या लागायला लागतात. या राज्यात सलग दहा शाळा-दिवस असे गेले की नाव पटावरून कमी होऊ शकतं. त्यात जानेवारी ते मार्चची सुरुवात हा एका सरकारी परीक्षेचाही काळ असतो, त्याबद्दल पुढे लिहिते. नाताळच्या सुट्टीला जोडून थोडे दिवस ‘शैक्षणिक सहल’ म्हणून आधी लेखी मंजूर करून घ्यायचे, किंवा उन्हाळ्यात जायचं, हे दोन सरळ मार्ग. तिकीट काढायच्या आधी शाळेला ईमेल करा आणि उत्तरही ईमेलवरच घ्या.

तर ही खरी शाळा आहे, आणि खरी असल्यामुळेच इतकी बांधलेली आहे. पेनसिल्व्हेनियात तिला सायबर चार्टर स्कूल म्हणतात. चार्टर म्हणजे सरकारी पैशावर, पण स्वतंत्र मंडळाने चालवलेली शाळा. २००२ च्या कायद्यानुसार तिला परवानगी राज्याचं शिक्षण खातं देतं. त्यामुळे ती एका गावापुरती नसते. राज्यातलं कुठलंही मूल तिथे जाऊ शकतं. जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढतात. बहुतेक शिक्षक परवानाधारक असतात, अभ्यासक्रम राज्याच्या मानकांवर बेतलेला असतो आणि परीक्षा राज्याच्याच. इथून बारावी झालेल्या मुलाला हायस्कूल डिप्लोमा मिळतो आणि कॉलेजं तो मानतात. इतर राज्यांत रचना थोडी वेगळी. फ्लोरिडात १९९७ पासून चालणारी फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल ही खुद्द राज्याचीच आहे. कॅलिफोर्नियात अशा चार्टर शाळांना आपल्या परगण्यातली आणि त्याला लागून असलेल्या परगण्यांतलीच मुलं घेता येतात. पुष्कळ ठिकाणी शाळेचं मंडळ कागदोपत्री ना-नफा असतं, पण अभ्यासक्रम आणि कारभार स्ट्राइड किंवा पिअर्सनच्या कनेक्शन्स अकॅडमीसारख्या कंपनीकडे करारावर दिलेला असतो. म्हणून जाहिरातीतलं नाव बघून थांबू नका. तुमच्या राज्यातली ती विशिष्ट शाळा कुणाच्या मंडळाची आहे आणि शिक्षकांना कोण नेमतं ते विचारा.

हे होमस्कूलिंग नाही, हे आपल्या लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. होमस्कूलिंगचा कायदा या राज्यात १९८८ पासून वेगळा आहे. त्यात पालक स्वतः डिस्ट्रिक्टला (म्हणजे स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) प्रतिज्ञापत्र देतात, अभ्यास स्वतः ठरवतात, वर्षभराच्या कामाची फाइल ठेवतात आणि शेवटी एका पात्र मूल्यमापकाकडून ती तपासून घेतात. तिथे वेळापत्रक तुमचं. सायबर शाळेत वेळापत्रक शाळेचं, शिक्षक शाळेचे, गुणपत्रक शाळेचं, तुमची फक्त जागा. आणि २०२० च्या मार्चमध्ये सगळ्या शाळा रातोरात झूमवर गेल्या, त्या आठवणीवरूनही हिला जोखू नका. तो आणीबाणीचा इलाज होता. इथे सगळं काम पहिल्यापासून घरून शिकण्यासाठी आखलेलं असतं.

पैशांबद्दल. फी नाही. तुमच्या मुलामागे जी रक्कम सायबर शाळेला मिळते ती तुमचं स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट भरतं, म्हणजे तुमच्याच मालमत्ता करातून किंवा भाड्यातून गेलेली. याच कारणामुळे डिस्ट्रिक्ट आणि सायबर शाळा यांच्यात कायम ओढाताण असते. पुस्तकं, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि इंटरनेटची सोय किंवा त्या खर्चाची भरपाई शाळेनेच द्यायची, असं इथला कायदा सांगतो. इतर राज्यांत लॅपटॉप फक्त कमी उत्पन्न असलेल्या घरांना मिळतो असंही असतं. ऑगस्टमध्ये दाराशी खोकी येतात: वह्या, गणिताचे ठोकळे, भिंग, बियांची पाकिटं. त्यातलं काय परत करायचं आणि काय वापरून संपवायचं याची यादी आत असते. ती यादी आणि रिकामी खोकी दोन्ही जपून ठेवा, जूनमध्ये लागतात.

प्रवेशाचे कागद सोपे आहेत, पण आपल्या घरांत दोन जागी गाडी हमखास अडते. वयाचा दाखला, पत्त्याचा पुरावा (भाडेकरार किंवा वीजबिल), लसीकरणाची नोंद, आधीच्या शाळेतल्या शिस्तभंगाच्या कारवाईबद्दलचं पालकांचं निवेदन आणि घरच्या भाषेची प्रश्नावली, एवढं लागतं. व्हिसा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ या निकालापासून सरकारी शाळेने मुलाची इमिग्रेशन स्थिती बघून प्रवेश अडवायचा नाही हे पक्कं झालेलं आहे. एच-फोरवरच्या मुलांना पूर्ण हक्क आहे.

पहिली अडचण लसींची. मूल घरीच बसून शिकणार असलं तरी लसीकरणाचे नियम सायबर शाळेला लागू आहेत. भारतातून आणलेलं कार्ड असेल तर तीन गोष्टी बघा. आपल्याकडे तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहितात. इथली नर्स ०४/०७ म्हणजे ७ एप्रिल वाचते, आणि मग दोन डोसांतलं अंतर चुकीचं दिसून एक डोस बाद धरला जातो. बालरोगतज्ज्ञांकडून नोंद इथल्या पद्धतीने उतरवून घ्या. दुसरं, कांजिण्यांची लस भारताच्या सरकारी कार्यक्रमात नाही, त्यामुळे ती कार्डावर कित्येकदा नसते. इथे तिचे दोन डोस लागतात. तिसरं तुमच्या मुलासाठी: या राज्यात सातवीत जाताना टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकॉकल (मेंदूज्वर) या दोन लसी लागतात. ऑगस्टमध्ये डॉक्टरांची वेळ मिळणं कठीण जातं, जुलैतच उरकून घ्या.

दुसरी अडचण भाषेच्या प्रश्नावलीची. मुलाने पहिली कुठली भाषा शिकली, घरात इंग्रजीखेरीज कुठली भाषा बोलतात, असे त्यात प्रश्न असतात. आपण अभिमानाने ‘मराठी’ लिहितो. लिहायलाच हवं, ते खरं आहे. पुढे काय होतं ते मात्र माहीत असावं. शाळा तुमच्याशी बोलते, आधीची गुणपत्रकं बघते आणि गरज वाटली तर मुलाची इंग्रजीची चाचणी घेते. त्यात मूल इंग्रजी शिकणारा विद्यार्थी ठरलं तर त्याला वेगळा आधार मिळतो, आणि दर हिवाळ्यात विडा ॲक्सेस नावाची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. सायबर शाळेतल्या मुलालाही त्यासाठी ठरलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जावं लागतं. सहा आठवड्यांच्या भारतवारीच्या आड येणारी परीक्षा ती हीच. काही पालक हे टाळायला ‘घरात फक्त इंग्रजी’ असं खोटं लिहितात. तसं करू नका. मूल दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेलं असेल, तर त्या आधाराची त्याला खरंच गरज असते.

आता रोजचा दिवस, कारण निर्णय त्यावरच ठरायला हवा.

दुसरीतल्या मुलीचा दिवस घ्या. साडेआठला लॉग-इन, वर्गशिक्षिकेसोबत पंधरा-वीस मिनिटं. मग वाचनाचा थेट वर्ग. बाई एक परिच्छेद दाखवतात, मुलांना चार-चारच्या ऑनलाइन खोल्यांत पाठवतात. तुमच्या मुलीच्या खोलीत एकाचा माइक बंद, एकीच्या मागे बाळ रडतंय. तुमची मुलगी हात वर करण्याचं बटण दाबून बसते आणि बाई दुसऱ्या खोलीत असतात. अशा वेळी शेजारी बसलेलं माणूस म्हणतं, ‘थांब, तोवर हे वाक्य मला वाचून दाखव.’ तेवढ्या एका वाक्याने तिचं लक्ष टिकतं. वर्ग संपला की स्वतः करायचे धडे: व्हिडिओ बघा, वहीत सोडवा, पानाचा फोटो काढा, अपलोड करा. सात वर्षांच्या मुलीला फोटो सरळ काढता येत नाही, पेन्सिल फिकट असते, फाइल भलत्याच धड्यात जाते. हे सगळं तुमचं काम. शाळा या मोठ्या माणसाला लर्निंग कोच म्हणतात, आणि प्राथमिक वर्गांसाठी दिवसाला चार ते सहा तास धरा असं या शाळा स्वतःच सांगतात. तो आकडा फुगवलेला नाही. सहावी-सातवीला तो निम्म्यावर येतो, हायस्कूलला तास-दीड तासावर. शाळेची फी नाही, पण घरातल्या एका मोठ्या माणसाचा दिवस तिला लागतो.

हे काम म्हणजे नोकरी नव्हे, त्यामुळे एच-फोरवरच्या आईला वर्क परमिटची गरज नाही. पण म्हणून ते तिच्याच गळ्यात घालायचं का, हा प्रश्न घरात मोकळेपणाने बोलून घ्या. उद्या तिचं परमिट आलं आणि नोकरी मिळाली तर काय? अनेक घरांत नेमकं तेव्हाच सगळं कोलमडतं, आणि मूल वर्षाच्या मधोमध परत जुन्या शाळेत जातं. त्या दिवसाची आखणी आधीच करा.

सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा हे काम करू शकतात का? लक्ष ठेवायला नक्कीच. एका घरी आजोबा नातवाला रोज गणिताला घेऊन बसायचे, निष्ठेने. ते सांगलीच्या शाळेत शिकले त्या पद्धतीने भागाकार मांडायचे: भाजक डावीकडे, भागाकार उजवीकडे. इथे उत्तर भाज्याच्या डोक्यावर लिहितात, आणि चौथी-पाचवीत त्याच्याही आधी आंशिक भागाकाराची पद्धत शिकवतात. मुलाचं उत्तर बरोबर यायचं, पण ‘रीत दाखवा’ या रकान्यात गुण जायचे आणि पोरगं रडायचं. मी आजोबांनाच एका थेट वर्गात बसायला बोलावलं. दोन पद्धती शेजारी-शेजारी मांडल्यावर त्यांनी पाच मिनिटांत दुसरी उचलली, आणि नातवाला दोन्ही आल्या. घरात कुणी मोठं माणूस शिकवणार असेल तर त्याने आठवड्यातून एखादा वर्ग मुलासोबत बघावा, इतकंच म्हणणं आहे. सह्या आणि अधिकृत जबाबदारी मात्र आईवडिलांचीच राहते.

सातवीतल्या मुलाचं चित्र वेगळं असतं. त्याला आठवड्याचं वेळापत्रक मिळतं, काही तास थेट वर्गाचे, बाकीचं काम स्वतःच्या वेळेत. इथे मोठा धोका आहे तो शांततेचा. दार बंद, हेडफोन कानात, सगळं छान चाललंय असं वाटतं. मला शिक्षकाच्या पडद्यावर वेगळंच दिसतं: धड्याच्या सात पानांवर प्रत्येकी वीस सेकंद, मग थेट चाचणी, चाचणीत नापास, पुन्हा चाचणी, तिसऱ्यांदा अंदाजाने पास. पडद्यावर हिरवी खूण उमटते आणि पालकांना तेवढीच दिसते. म्हणून माझ्या कुटुंबांना मी एक सवय लावते. रोज संध्याकाळी पोर्टल उघडायचं नाही, वही उघडायची. वहीत आज सोडवलेली उदाहरणं नसतील तर पोर्टलवरच्या खुणांना अर्थ नाही. शुक्रवारी मात्र पोर्टल बघा आणि लाल झालेली, म्हणजे मुदत टळलेली कामं शनिवारच्या आत संपवा. दोन आठवड्यांची थकबाकी बारा वर्षांच्या मुलाला डोंगरासारखी वाटते आणि तो लपवायला लागतो.

हजेरीबद्दल शाळा फार मागे लागते अशी तक्रार मी सारखी ऐकते. पहिल्या गैरहजेरीला फोन, दुसऱ्याला ईमेल. त्यामागे कायदा आहे. पेनसिल्व्हेनियात ६ ते १८ वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं आहे. शाळेच्या वर्षात तीन दिवस कारण न देता गैरहजर म्हणजे मूल ट्रुअंट, सहा दिवस म्हणजे सवयीचं ट्रुअंट. पुढे पंधरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण परगण्याच्या बालकल्याण यंत्रणेकडेही जाऊ शकतं. लॉग-इन विसरलात, वीज गेली, ताप आला, काहीही असो, त्याच दिवशी चिठ्ठी पाठवा. शिवाय आठवड्यातून एकदा तरी मूल शिक्षकाला कॅमेऱ्यात प्रत्यक्ष दिसायला हवं आणि बोलायला हवं, असाही नियम झालाय. तो मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि मला तो पूर्ण पटतो.

शाळांनाही याची धास्ती आहे, आणि ती का हे ओहायोत दिसलं. तिथली इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो ही शाळा देशातल्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन शाळांपैकी एक होती. पटावरची मुलं खरोखर किती शिकत होती याचे पुरावे राज्याने मागितले, ते पुरेसे निघाले नाहीत. कोट्यवधी डॉलर परत करण्याचा आदेश झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये, वर्षाच्या मध्यावर, शाळा बंद पडली. सुमारे १२ हजार मुलं एका झटक्यात नवी शाळा शोधू लागली. तेव्हा शाळा निवडताना तिची मंजुरी कधीपर्यंत आहे आणि नूतनीकरणावर काही वाद चालू आहे का, हे राज्याच्या शिक्षण खात्याकडे तपासा.

परीक्षा घरून होत नाहीत. तिसरी ते आठवी इंग्रजी आणि गणिताच्या पीएसएसए या राज्याच्या वार्षिक परीक्षा साधारण एप्रिल अखेरीला असतात. त्यासाठी शाळा हॉटेलचे हॉल, चर्चची सभागृहं, मोठी कार्यालयं भाड्याने घेते. केंद्र अर्ध्या-पाऊण तासावर असू शकतं आणि काही दिवस सलग जावं लागतं. गाडी चालवणारं माणूस तेव्हा मोकळं हवं. तुमच्या मुलाने सातवीत अल्जिब्रा वन (हायस्कूलचं पहिलं बीजगणित) घेतलं तर वर्षाअखेर त्या विषयाची राज्याची कीस्टोन परीक्षाही येईल, पीएसएसए चुकणार नाही ती वेगळीच.

अल्जिब्राचा विषय निघालाच आहे, तर आपल्या पालकांसाठी एक सूचना. सायबर शाळेत वरच्या इयत्तेचं गणित घेणं सोपं जातं, कारण वर्गखोली बदलायची नसते. पण मूल नववीत डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलमध्ये परत जाणार असेल, तर ते हायस्कूल त्याला थेट पुढच्या विषयात, म्हणजे जॉमेट्रीत (भूमितीत) बसवेल का, हे तिथल्या समुपदेशकाला आधी विचारा. काही डिस्ट्रिक्ट स्वतःची चाचणी घेतात. धडे भराभर पुढे सरकवून आलेली मुलं तिथे अडकतात आणि वर्ष पुन्हा करावं लागतं, ते त्यांच्या फार मनाला लागतं.

निकालांबद्दल स्पष्ट लिहिते, कारण जाहिराती लिहीत नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो केंद्राने २०१५ मध्ये १७ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी इथल्या ऑनलाइन चार्टर शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण तशाच, पण नेहमीच्या शाळेत जाणाऱ्या मुलांशी तुलना केली तर ऑनलाइन मुलं १८० दिवसांच्या वर्षात वाचनात सुमारे ७२ दिवस आणि गणितात १८० दिवस मागे पडत होती. गणितात म्हणजे पूर्ण वर्ष. मी याच क्षेत्रात काम करते आणि हा आकडा मला खोटा वाटत नाही. मी रोज बघते: ज्या घरात मोठं माणूस शेजारी असतं तिथली मुलं नेहमीच्या शाळेइतकी, कधी त्याहून चांगली शिकतात. ज्या घरात दोघंही कामावर आणि मूल एकटं, तिथे डिसेंबरपर्यंत गळती लागलेली असते. सॉफ्टवेअर सगळ्यांना तेच मिळतं.

ज्यांना ही शाळा खरोखर तारते अशी मुलं आहेत. केमोथेरपी चालू असलेलं मूल. दिवसाचे चार तास सराव करणारी जिम्नॅस्ट. वर्गाच्या गोंगाटात कोसळणारं, पण घरी शांतपणे भराभर शिकणारं मूल. विशेष शिक्षणाचा आयईपी (त्या मुलासाठी लेखी बनवलेला शिक्षणाचा आराखडा) असेल तर तो इथेही लागू राहतो, शाळेला तो झटकता येत नाही. स्पीच थेरपी व्हिडिओवर चालते. ऑक्युपेशनल थेरपीला मात्र कोण, कुठे, आठवड्यातून किती वेळा, हे प्रवेशाआधी लेखी घ्या. नोकरीमुळे पिट्सबर्गहून फिलाडेल्फियाला वर्षाच्या मध्यात हलणाऱ्या आपल्या कन्सल्टंट कुटुंबांनाही फायदा होतो. पत्ता बदलल्याचं कळवायचं, शाळा तीच राहते. राज्य बदललं की मात्र प्रवेश संपतो.

आणि ज्यांनी शक्यतो येऊ नये असं मी उघड सांगते ते म्हणजे नुकतीच भारतातून आलेली मुलं. त्यांना इंग्रजी व्याकरण येतं, पण जेवणाच्या टेबलावरचं बोलणं येत नाही, आणि ते जेवणाच्या टेबलावरच येतं. पहिलं वर्ष तरी त्यांना चार मुलांत जाऊ द्या.

घरी शिकणाऱ्या मुलाला मित्र कुठून मिळणार, हा प्रश्न खरा आहे, पण त्याला उपाय आहे. सायबर शाळेत नसलेला खेळ किंवा बँड असेल तर पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार मूल आपल्या राहत्या डिस्ट्रिक्टच्या संघासाठी प्रयत्न करू शकतं. हे पालकांना माहीतच नसतं. महाराष्ट्र मंडळाची रविवारची मराठी शाळा, क्रिकेट, ढोल-ताशा पथक, काहीही चालेल, पण आठवड्यातले ठरलेले दोन-तीन दिवस मूल घराबाहेर, इतर मुलांत असायला हवं. सुट्टीतली पार्टी त्याची जागा घेत नाही.

आता तुमच्या दोन मुलांबद्दल. मुलीला घालू नका. ती आहे त्या शाळेत रमली असेल तर केवळ दोघं एकाच वेळापत्रकात यावीत म्हणून तिला काढणं तिच्यावर अन्याय आहे, आणि दोघांना एकदम सांभाळताना तुमचं लक्ष मुलाकडून तिच्याकडेच वळेल, कारण लहान मूल जास्त हाका मारतं.

मुलासाठी आधी दोन पायऱ्या. एक, चिडवाचिडवीची तक्रार मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, बसचा क्रमांक, तारखा आणि काय बोललं गेलं त्यासह. तोंडी सांगितलेल्या तक्रारीची नोंद राहत नाही. वंशावरून किंवा धर्मावरून बोललं गेलं असेल तर तसं स्पष्ट लिहा, कारण तेव्हा शाळेवरची कायदेशीर जबाबदारी वाढते. दोन, तुमच्या डिस्ट्रिक्टचा स्वतःचा ऑनलाइन कार्यक्रम आहे का ते विचारा. पेनसिल्व्हेनियात अनेक डिस्ट्रिक्टनी असे काढलेत. त्यात मूल डिस्ट्रिक्टच्याच पटावर राहतं, बँड किंवा एखादा विषय इमारतीत जाऊन करता येतो, आणि परतणं सोपं असतं. मी सायबर शाळेत नोकरी करत असूनही सातवीच्या मुलासाठी हाच पर्याय आधी बघायला सांगते.

तिथे जमलं नाही तर सायबर चार्टर. प्रवेश घेण्यापूर्वी शाळेला फोन करून विचारा: सातवीला आठवड्यात थेट वर्गाचे तास किती, गणिताच्या एका शिक्षकाकडे मुलं किती, रेकॉर्डिंग बघितलं तर हजेरी धरता का, आणि मूल मागे पडलं तर कितव्या दिवशी फोन करता. शेवटच्या प्रश्नाला ‘आमचं पोर्टल आहे’ असं उत्तर आलं तर दुसरी शाळा बघा. मुलालाही एखाद्या खुल्या वर्गात बसवून बघा. तो शाळेतल्या मुलांपासून पळतोय की शिकण्यालाच कंटाळलाय, हे त्या एका तासात बऱ्यापैकी कळतं.

प्रवेश पक्का झाल्याचा ईमेल येईपर्यंत जुन्या शाळेतून नाव काढू नका. मधले दिवस गैरहजेरीत धरले जातात. पहिले सहा आठवडे कसेही जड जातात, त्यावरून ठरवू नका. पहिल्या तिमाहीचं गुणपत्रक आलं, की वही, गुणपत्रक आणि मुलगा स्वतः, तिन्ही समोर घेऊन बसा. परत जायचं ठरलं तर तिमाही संपते त्याच आठवड्यात जा, म्हणजे गुण अर्धवट राहत नाहीत. डिस्ट्रिक्टला तुमच्या मुलाला परत घ्यावंच लागतं, वर्षाच्या मध्येसुद्धा.

साताऱ्याची तिकिटं उन्हाळ्याची काढा. शाळा जूनच्या मध्याला संपते.